ताई ची करताना डावा गुडघा दुखतो : जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी कोथरूडला राहते, वय ५३. गेल्या दिवाळीनंतर घराजवळच्या बागेत सकाळी सव्वासहा वाजता ताई ची, म्हणजे संथ हालचालींची चिनी विद्या, करणाऱ्या एका गटात जाऊ लागले. आम्ही आठ-दहा जण असतो. शिकवणारे काका सत्तरीच्या घरातले आहेत. नोकरीनिमित्त परदेशी असताना ते ही विद्या शिकले आणि आता आम्हाला एक पैसाही न घेता शिकवतात. जूनमध्ये बागेत चिखल झाला, तेव्हा वर्ग बंद पडू नये म्हणून त्यांनी स्वतः खटपट करून एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये जागा मिळवली. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, हे आधीच सांगते.

आम्ही २४ हालचालींचा क्रम करतो, म्हणजे चीनच्या क्रीडा आयोगाने १९५६ मध्ये यांग परंपरेतून, म्हणजे ताई चीच्या एका शैलीतून, बसवलेला. त्यातली दुसरी हालचाल, जिला रानघोड्याची आयाळ विभागणे म्हणतात, डावीकडून उजवीकडे करताना पुढचा डावा पाय बाहेर वळवावा लागतो आणि नेमक्या त्याच क्षणी गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ येते. गेले दोन महिने हे चालू आहे. एक्स-रेमध्ये काही निघाले नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन आठवडे थांबले तर बरे वाटले, आणि पुन्हा सुरू केल्यावर चौथ्या दिवशी दुखणे परतले. काकांचे म्हणणे असे की मांडी अजून कच्ची आहे, आणखी खाली बसून करा. तसे केले, तर संध्याकाळी जिना उतरताना कठड्याला धरावे लागले.

दुसरी गोष्ट जोडीने करायच्या सरावाची, म्हणजे थुई शौची. क्रमातल्या सातव्या आणि आठव्या हालचालीत, चिमणीची शेपटी धरण्यात, फंग (पेलून धरणे), ल्यू (मागे ओढून घेणे), ची (दाबणे) आणि आन (ढकलणे) ही चारही बळे येतात असे काका सांगतात. पण समोर कोणी नसताना माझे हात नुसते हवेत फिरतात. एकदा त्यांनी आपले मनगट माझ्या मनगटाला टेकवून "ढकला" म्हटले. मी ढकलले, तर ढकलायला तिथे काही उरलेच नव्हते आणि माझ्याच वजनाने मी दोन पावले पुढे गेले. त्या क्षणी जे कळले, ते इतक्या महिन्यांत कळले नव्हते. बाकी मंडळींना केवळ आरोग्यासाठी करायचे आहे आणि कोणाला लागेल या काळजीने काका हा सराव घेत नाहीत. मी आग्रह धरणे योग्य ठरेल का?

प्रतिसाद :

ताई, दुखत असताना आणखी खाली बसू नका, उलट चार बोटे वर या. दुखणे जूनपासूनचे दिसते, म्हणजे मातीवरून पार्किंगमध्ये गेल्यापासूनचे. तिथे पेव्हर ब्लॉक असतील आणि तुमच्या बुटांचा तळ रबरी असेल, तर पाऊल जमिनीला चिकटून राहते आणि वळण्याचा सगळा पीळ गुडघ्यावर येतो. गुडघा बिजागरीसारखा आहे, पिळण्यासाठी नाही. वळायचे ते जांघेतून. या क्रमात आधी वजन मागच्या पायावर घ्यायचे, मोकळ्या झालेल्या पुढच्या पायाचा चवडा टाचेवर वळवायचा आणि मगच वजन पुढे आणायचे. गडबडीत वजन मागे न घेताच पाय वळवला जातो. दोन्ही पावले एका रेषेत पडत नाहीत ना, हेही पाहा. ती आगगाडीच्या दोन रुळांवर ठेवल्यासारखी हवीत, आणि गुडघ्याची आणि चवड्याची दिशा एकच हवी.

थुई शौबद्दल तुमचे बरोबर आहे. हनान प्रांतातल्या चेनजियागौ गावात यांग परंपरेचा प्रवर्तक यांग लुचान जे शिकला, ती लढण्याचीच विद्या होती, त्यामुळे समोरच्याचा स्पर्श तिच्यातून काढून टाकता येत नाही. मात्र गटापुढे आग्रह धरण्याऐवजी वर्ग संपल्यावर काकांकडे दहा मिनिटे मागा. पाय जागेवर ठेवून एकाच हाताने मनगटाला मनगट लावून वर्तुळ फिरवायचे, ढकलून पाडायचे नाही, असे म्हटलेत तर त्यांची काळजीही मिटेल.

धागाकर्ती :

आपले मनःपूर्वक आभार. पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉकच आहेत. आज सकाळी घरच्या गुळगुळीत फरशीवर, पातळ तळाच्या कापडी बुटांनी, प्रत्येक वेळी वजन मागे घेऊन ती हालचाल दहा वेळा केली. आठ वेळा कळ आली नाही. दोनदा आली, तेव्हा वजन पुढेच राहिले होते हे माझ्या लक्षात आले. काकांना उद्या हे करून दाखवणार आहे आणि दहा मिनिटांचेही विचारणार आहे. एवढेच सांगावे की, गुडघा पूर्ण बरा होईपर्यंत एका हाताचा तो सराव उभ्यानेच, गुडघे जेमतेम सैल ठेवून केला तर चालेल का?