शेजारचे दादा-वहिनी घर विकून चाललेत, व्यवहार अजून अर्धवट आहे, किल्ली आधी द्यावी का?

मनमोकळी:
समोरच्या दारातले दादा-वहिनी घर विकून परदेशात मुलीकडे कायमचे चाललेत. इसार घेतलाय, करारही झालाय, पण घेणाऱ्यांच्या लोनचे पैसे सुटायला वेळ लागतोय म्हणून खरेदीखत अडलंय आणि इकडे तिकिटं काढून झालीत. आता घेणारे म्हणतात किल्ली आत्ताच द्या, आम्ही रंगकाम-फर्निचर सुरू करतो. दादा भिडस्त, हो म्हणायच्या बेतात आहेत. मागचं सगळं बघायला माझ्या नवऱ्याच्या नावाने मुखत्यारपत्र (त्यांच्या वतीने सही-व्यवहार करायचा लेखी अधिकार) करायचं म्हणतायत, यात काय काळजी घ्यायची?

आणि खरं सांगू का, ते जाणार हेच पचत नाहीये. माझी दोन्ही मुलं वहिनींच्या अंगाखांद्यावर वाढली. रोज एखादं भांडं घेऊन येतात, हे तुला लागेल म्हणतात, माझे डोळे भरून येतात म्हणून मी धड बोलतही नाही त्यांच्याशी.

जुनाजाणता:
किल्ली अजिबात देऊ नका. पूर्ण पैसे खात्यात, खरेदीखताची नोंदणी आणि मगच ताबा. माणूस एकदा घरात शिरला की पैसे द्यायची त्याची घाई संपते, आणि उद्या लोन फिसकटलं तर त्याला बाहेर काढायला कोर्टाची पायरी चढावी लागेल. मापं घ्यायचीत ना, मग तुमच्यापैकी कोणीतरी उभं राहून घेऊ द्या की. आणि चेक हातात आला म्हणजे पैसे आले असं नाही, तो वटला पाहिजे.

मुखत्यारपत्र ते जायच्या आधीच करा, नंतर तिकडून करायचं म्हणजे दूतावासात खेपा घालून साक्षांकन करून घ्या वगैरे फार दमवतं. फक्त या घरापुरतं करा, त्यात कामं नावानिशी लिहा (सही, नोंदणी, ताबा देणं) आणि पैसे थेट दादांच्याच खात्यात जातील हेही लिहा. तुमच्या मिस्टरांच्या खात्यात एक पैसा येऊ देऊ नका, इतक्या वर्षांच्या संबंधात हिशेबाचा विषयच नको.

रानजाई:
वरच्यांशी सहमत. ताबा देताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, किती किल्ल्या दिल्या ते लिहून ताबापावतीवर तारखेसकट सही घ्या. पंखे, गिझर, कपाटं यातलं काय ठेवायचं ते आत्ताच लेखी ठरवा, भांडणं नेमकी असल्याच गोष्टींवरून होतात. दादांचं जुनं कर्ज असेल तर बँकेकडून मूळ कागद आणि कर्ज फिटल्याचा दाखला आलाय का तेही बघा.

आणि वहिनींसमोर रडा हो खुशाल! त्या भांडी आणतात ती बोलायला निमित्त म्हणून, तुम्ही गप्प राहिलात तर त्यांना वाटेल हिला काहीच वाटत नाही. वकिलाकडे पुरुषांना पाठवा आणि तुम्ही त्यांच्यासोबत सामान आवरायला बसा. आमची मैत्रीण अशीच लांब राहायला गेली तेव्हा आम्ही फोनचा वार ठरवून घेतला होता, ‘करू कधीतरी’ म्हटलं असतं तर राहूनच गेलं असतं.

मनमोकळी:
दादांना दोघांचंही वाचून दाखवलं. किल्ली द्यायची नाही हे त्यांना पटलं, घेणाऱ्यांना नवराच सांगणार आहे कारण दादांच्याने ते होणार नाही. मसुदा वकिलाकडे दिला. काल वहिनींशी खूप बोलले, दोघी रडलो, बरं वाटलं. एकच राहिलं, मीटरवरचं नाव कोणी बदलायचं?

जुनाजाणता:
घेणाऱ्यांनी. पण मीटरचं डिपॉझिट दादांना परत मिळणार की व्यवहारातच धरलंय, ते आधी ठरवून घ्या.