अनुभव धागा: लेकरांची खावटी (पोटगी), कोर्टाची ऑर्डर झाल्यावर पुढे काय झालं?

वऱ्हाडी लेक
काल संध्याकाळी भाचीने मोबाइल पुढे धरला. बँकेचा मेसेज होता. लेकराच्या खावटीचा पहिला हप्ता थेट तिच्या खात्यात आला. तिला आनंद झाला होता, आणि मला माय आठवली.

मायची ऑर्डर नव्वदीतली. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 मध्ये माणसी 500 रुपयांच्या वर देताच येत नव्हतं, ती मर्यादा 2001 मध्ये गेली. आम्हा भावंडांचे मिळून जे मंजूर झाले त्यात तेव्हाही महिन्याचा किराणा होत नव्हता. बाबा पैसे कोर्टात भरायचे, तेही वॉरंट निघाल्यावरच. मग ते घ्यायला माय नाझरकडे, म्हणजे कोर्टात पैशांचं काम पाहणाऱ्याकडे जायची. त्या दिवसाची निंदणाची मजुरी जायची, वर एसटीचं तिकीट. नाझर जागेवर नसले की व्हरांड्यात बसून राहायचं. मायने कधी "पैसे मिळाले" असं म्हटलं नाही, "तुमचे पैसे आणले" म्हणायची. आमचे. हे मला फार पुढे समजलं, की खावटी लेकराच्या हक्काची असते, बापाने मायवर केलेला उपकार नसतो.

कोणी स्वतःसाठी, लेकीसाठी, बहिणीसाठी पेशीला, म्हणजे कोर्टाच्या तारखेला उभं राहिलं असेल तर लिहा. बापाच्या बाजूने असाल तरी लिहा. ऑर्डरपर्यंतचं सगळे सांगतात, पैसा हाती कसा आला ते सांगा. नावं-गावं टाळा, लेकरं मोठी होऊन वाचतील.

तुरीची शेंग
मले तं अजून रुपया नाही दिसला ताई. समन्सच तामील होत नाही. पोलीस गेले का सासू म्हणते, पुण्याले गेला कामाले. अन् तो रोज संध्याकाळी चौकात पानठेल्यावर उभा राह्यते. माया भावानं फोटो काढले. वकीलबाईनं ते लावले अन् म्हटलं, हा मुद्दाम टाळते, एकतर्फी चालवा. आता पुढची पेशी पाहून राह्यली. लेकरू अंगणवाडीत जाते. बाकी मंग लिहितो, चुलीवर भाजी आहे.

बाभूळबन
पानठेल्यावरचा फोटो! भाऊ असावा तर असा. त्याला माझ्याकडून राखी सांगा.

मुन्शीभाऊ
तालुका कोर्टात वकिलांकडे मुन्शी आहे, म्हणून सांगतो. आपल्या तालुक्यांना फॅमिली कोर्ट नाही, ते नागपूर, अमरावती, अकोला अशा मोठ्या शहरांत असतं. इथे हा अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. 1 जुलै 2024 नंतरचे नवे अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली, आधीची प्रकरणं 125 वरच.

आता ऑर्डरनंतरचं. हप्ता ज्या तारखेला देय झाला तिथून 1 वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज लावा. आमच्याकडे बाया येतात तेव्हा दोन-दोन वर्षं थकलेली असतात, कारण घरचे म्हणतात थांब, देईल. 1 वर्षाच्या मागच्या हप्त्यांसाठी मग या कलमाखाली वॉरंट निघत नाही. माझा जीव तुटतो हे पाहून. थांबू नका, घरचे काहीही म्हणोत.

दुसरं, थकलेल्या दर महिन्यामागे 1 महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. काही जण पेशीवर छाती काढून म्हणतात, बसून येतो आत. बसून आला तरी पैसा माफ होत नाही, सुप्रीम कोर्टाने केव्हाच ठरवून टाकलं आहे. वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी जमिनीवरूनही होऊ शकते. त्याचा सातबारा काढून ठेवा, ऑनलाइन निघतो.

काळी कसदार
सातबाऱ्याचंच आमचं भांडण होतं. बहिणीचा नवरा म्हणाला, शेत वडिलांच्या नावावर, मी बेरोजगार. मग कोर्टाने मालमत्तेचं शपथपत्र मागितलं. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालापासून ते दोघांनाही द्यावं लागतं. आणि त्यात शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे, हे आम्हाला वकिलांनी दाखवलं तेव्हा कळलं. जमीन कोरडवाहू की ओलिताची, पिकं कोणती, मागच्या 3 वर्षांचं उत्पन्न, बटईने (वाट्याने) केलेली शेती, गाई-म्हशी, शेळ्या, सगळं विचारलेलं. म्हशीचं दूध डेअरीला घालतो हे त्याने लिहिलं नव्हतं. माझ्या जावयाने डेअरीच्या पावत्या आणल्या. न्यायाधीशांनी सरळ म्हटलं, धडधाकट माणूस आहे, मजुरी करूनही लेकरू पोसायचं. रक्कम अर्जाच्या तारखेपासून लागली, ऑर्डरच्या तारखेपासून नाही. तो फरक बहिणीच्या पोराच्या शाळेला पुरला.

तुरीची शेंग
डेअरीच्या पावत्या!! आमच्याकडेही म्हैस आहे त्याची. उद्याच पाह्यतो.

एकटा बाप
मी देणारा आहे. लिहू की नको, विचार केला.

कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. 2017 ला बोंडअळीने कापूस खाल्ला. हप्ते थकले. तारखेला गेलो, लपलो नाही. परिस्थिती बदलली म्हणून रक्कम कमी करायचा अर्ज देता येतो, तो दिला. रक्कम कमी झाली नाही, पण थकलेलं टप्प्याटप्प्याने भरायची मुभा मिळाली. कापूस विकला की एकदम भरायचो. मुलगी आता आठवीत.

माझं दुःख वेगळं आहे. भेट. घरचे म्हणायचे, पोरीला भेटू देत नाहीत तर पैसे बंद कर. अमरावतीच्या फॅमिली कोर्टात समुपदेशक बाईंनी बसवून समजावलं, की भेट आणि खावटी दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक अडली म्हणून दुसरी अडवायची नाही, भेटीसाठी वेगळा अर्ज करा. तो केला. आता महिन्यातून भेटते. पहिल्या भेटीत ती बोललीच नाही. मी नेलेली संत्री मात्र सगळी खाल्ली.

वऱ्हाडी लेक
भाऊ, तुम्ही लिहिलंत, फार बरं केलं. आमच्या बाबांनी असं एकदा तरी यावं असं आम्हा दोघांना किती वाटायचं.

बाभूळबन
वाचून डोळे भरले भाऊ. संत्री मृग बहाराची होती की आंबिया बहाराची? आमच्याकडे यंदा आंबियाची गळ फार झाली.

एकटा बाप
मृगाची, मामाच्या बागेतली. गळीसाठी कृषी सहायकाला विचारा, आमच्याकडे बुरशीची निघाली.

नर्स होणार
मी त्या लेकरांपैकी. 18 वर्षं झाली आणि बाबांनी दुसऱ्याच महिन्यापासून बंद केलं. म्हणे, कायदा संपला. 125 चा लेकरांसाठी संपतो, खरं आहे. पण हिंदू दत्तक व निर्वाह कायदा 1956 खाली लग्न न झालेल्या, स्वतःचं भागवू न शकणाऱ्या मुलीला बापाकडून खर्च मागता येतो. सुप्रीम कोर्टाने 2020 मध्येही ते म्हटलं आहे. आईची केस मोफत वकिलांनी चालवली होती, माझीही तेच चालवताहेत. बाई असेल किंवा लेकरू असेल तर उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीत अर्ज करायचा. फोनवर विचारायचं तर 15100. आईला वाटायचं फुकटचा वकील लक्ष देणार नाही. आमच्या वकीलबाई आईआधी कोर्टात हजर असायच्या.

जरीची चोळी
मायी सून माहेरी गेली तवा मी तिच्या बाजूनं साक्ष देली. पोरगा माया, तरी. नातू माया नाही का? गाव चार महिने बोललं नाही मायाशी. आता सून सणाले येते, नातवाले घेऊन.

वऱ्हाडी लेक
काकू, तुमच्या पाया पडते.

पांढरं सोनं
कोणी सांगेल का, लोकअदालतीत तडजोड करावी का? ते एकरकमी देतो म्हणतात, मग पुढे काही मागायचं नाही.

मुन्शीभाऊ
ताई, लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील होत नाही, सही करायच्या आधी वकिलाकडून अटी पूर्ण वाचून घ्या. तुमच्या वाट्याचं तुम्ही ठरवा, पण लेकराच्या वाट्याचं कायमचं सोडून देऊ नका. महिन्याचा हप्ता थेट बँक खात्यात, कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून घ्या.

तुरीची शेंग
सोमवारी पेशी आहे मायी. लेकराले न्यायचं काय सोबत?

वऱ्हाडी लेक
बोलावलं नसेल तर अंगणवाडीतच राहू दे ताई, दिवसभर व्हरांड्यात त्याचे हाल होतात. जन्मदाखला, आधार, पासबुक, दवाखान्याच्या पावत्या घे, झेरॉक्स दोन-दोन. मीही सोमवारी सकाळच्या एसटीने तालुक्याला येते, सोसायटीचं काम आहे. तिकीट आता बायांना अर्धंच. कोर्टात सोबत बसते तुझ्या.

तुरीची शेंग
या ताई. डबा मी आणतो दोघींचा.