वाढदिवसाचा स्वेटर 18 सेंटिमीटर कमी पडतोय. उसवू की वाचवता येईल?

नमस्कार मंडळी. रडगाणं शीर्षकात आलंच आहे, आता तपशील.

माझा वाढदिवस 28 डिसेंबरला. ज्यांचे वाढदिवस ऐन हिवाळी सुट्टीत येतात त्यांना हे लगेच कळेल. शाळेत वर्गाने माझ्यासाठी कधी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण वर्गच नसायचा. आता नोकरीत निम्मं ऑफिस रजेवर. घरात मात्र माणसांची वर्दळ, आणि त्यातल्या प्रत्येकाला थंडी पडली की आठवतं, अरे, ही विणते! यंदा आत्तापर्यंत दोन कानटोप्या, एक मफलर आणि भाच्याचे तीन मोजे झाले (पाय दोनच आहेत, एक मोजा हरवला). स्वतःसाठी शेवटचं काय विणलं ते आठवेना, म्हणून ठरवलं की या वाढदिवसाला स्वतः विणलेला, स्वतःसाठी विणलेला स्वेटर घालायचा.

पॅटर्न एका अमेरिकन पुस्तकातला. अगदी सोपा, मुंढ्याला आकार नाही, पुढचा आणि मागचा भाग सरळ आयत, प्रत्येकी 90 टाके. 8 नंबरच्या सुया सांगितल्या होत्या. माझ्याकडे आईच्या 8 नंबरच्या आहेत, त्याच घेतल्या. टाके किती रुंद पडतात ते मोजायला आधी नमुन्याचा तुकडा विणतात, तो विणला नाही. हो, माहीत आहे. बोला काय बोलायचं ते.

काल खांदे जोडले आणि अंगाला लावून बघितलं, तर पुढची बाजू पुढेच राहते आणि मागची मागे! दोन्ही बाजूंना मोठी फट. मोजलं तर प्रत्येक भाग 50 सेंटिमीटर हवा होता, भरला 41. म्हणजे घेर 100 च्या जागी 82. उंची पट्टीने मोजून विणली, ती ठीक आहे, 60 सेंटिमीटर.

लोकर अर्धी ॲक्रिलिक, अर्धी खरी. 50 ग्रॅमचे 10 गुंडे आणले होते, 6 संपले. त्याच लॉटचे आणखी मिळत नाहीत, चौकशी करून झाली.

वेळेचं म्हणाल तर सकाळी घर उठायच्या आधी अर्धा तास आणि रात्री ऑडिओबुक ऐकत तासभर, एवढंच माझं विणकाम. (दुसरा छंद शब्दकोडी. ती हात रिकामे असल्याशिवाय सुटत नाहीत, त्यामुळे ऑक्टोबरपासून बंद.) आज 19 तारीख. रोज दीड तास धरला तर 9 दिवसांत साडेतेरा तास. घड्याळ लावून बघितलं, माझ्या हाताला मिनिटाला 25 टाके पडतात.

उसवून पुन्हा विणू? ओला करून ताणला तर वाढेल? की काही जोडता येईल?

आणि एक जोडप्रश्न. घरचे विचारतायत वाढदिवसाला काय देऊ. दरवर्षी लोकरीचा एक गुंडा मिळतो. प्रेमाने देतात, पण एकच, आणि रंग असा की डोळे दिपावेत. काय मागू?

*

उलटसुलट
उसव सरळ. विणणाऱ्याला उसवायची कसली लाज? मी एकदा पूर्ण शाल उसवली आहे.

गुंडाळी
उलटसुलट, शाल उसवलीत तेव्हा डोक्यावर तारीख होती का? हिशेब करा. पॅटर्नच्या, म्हणजे 5 मिमीच्या सुयांवर 10 सेंटिमीटरला साधारण 24 ओळी येतात, 60 सेंटिमीटरला 144. गुणिले 90 टाके, म्हणजे एका भागाला जवळजवळ 13 हजार. दोन्ही मिळून 26 हजार टाके, मिनिटाला 25 च्या वेगाने सतरा तासांहून जास्त. त्यात बाह्या नाहीत, गळा नाही, शिवण नाही. त्यांच्याकडे आहेत साडेतेरा.

जुनीसुई
गोंधळ कुठे झाला ते आधी सांगते, म्हणजे पुढच्या वेळी फसणार नाहीस. आईच्या सुया जुन्या ब्रिटिश क्रमांकाच्या असणार. त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन क्रमांकात बरोबर उलटं, आकडा वाढला की सुई जाड. ब्रिटिश 8 म्हणजे 4 मिमी, अमेरिकन 8 म्हणजे 5 मिमी. तुझी 4 मिमी अमेरिकेत 6 नंबर ठरते. गंमत म्हणजे दोन्ही पद्धती 7 वर भेटतात, तिथे दोघांचीही सुई 4.5 मिमी. तू 7 नंबरचा पॅटर्न घेतला असतास तर हा धागाच निघाला नसता.

एक मिलिमीटरने काय होतं ते तुझ्या आकड्यांत दिसतंच आहे. 90 टाक्यांचे 50 सेंटिमीटर म्हणजे 10 ला 18 टाके. तुझे 41 झाले, म्हणजे 10 ला 22. हात घट्ट नाही गं तुझा, सुईच बारीक होती.

धागाकर्ती
जुनीसुई, मी दोन दिवस स्वतःच्या हाताला दोष देत होते. आत्ता सुई उचलून पट्टीवर ठेवली, 4 मिमीच आहे! निदान कारण कळलं. पण स्वेटर आहे तेवढाच आहे.

वाफाळ
ओला करून टाचण्या लावून ताणा, वाळेपर्यंत तसाच ठेवा. माझा एक असा बसला होता.

जुनीसुई
वाफाळ, तो किती कमी होता? दोन-चार सेंटिमीटर असतील तर मीही हेच सांगितलं असतं. इथे 41 चे 50 करायचे, म्हणजे पाचव्या हिश्श्याहून जास्त ताण. शुद्ध लोकर ओली असताना बरीच ऐकते, पण इतका ताण तीही धरून ठेवणार नाही, आणि रुंदी वाढली की उंची आखडेल ते वेगळंच. ॲक्रिलिक तर वाळलं की पुन्हा पहिल्या जागी. आता कुणीतरी इस्त्रीची वाफ सुचवेल, म्हणून आधीच सांगते, नको. ॲक्रिलिक जास्त गरम झालं की वीण मरते, सगळं लुळं पडतं, आणि ते परत येत नाही. गरम पाण्यात घासायचाही मोह नको. खऱ्या लोकरीच्या धाग्यावर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकले की कापड आटतं. तुला आणखी आटवायचंय का?

गुंडाळी
म्हणजे उरलं काय, तर जोड. शिवणकामात बगलेखाली कळी लावतात ना, तशी लावा. दोन्ही बाजूंना 9-9 सेंटिमीटरची पट्टी. 9 दुणे 18, तुमची तूट भरली. 22 च्या हिशेबाने 20 टाके घालायचे, तुमच्या त्याच 4 मिमीच्या सुयांवर, नाहीतर वीण वेगळी दिसेल. खालून बगलेपर्यंत किती उंची आहे?

धागाकर्ती
मुंढ्यासाठी 20 सेंटिमीटर सोडायचे आहेत, खांद्याकडे दोन जातात असं समजा. बगलेपर्यंत 38.

गुंडाळी
तुमच्या बारीक विणीत 38 सेंटिमीटरच्या साधारण 114 ओळी, गुणिले 20 टाके. एका पट्टीला 2,280. दोन्ही पट्ट्या तीन तासांत हातावेगळ्या. साधी सुलट वीणच ठेवा. रिब (सुलट-उलट टाक्यांची काठाची वीण) केली तर आखडेल आणि 9 चे 6 होतील.

उलटसुलट
पण जोड दिसणार की! वाढदिवसाला ठिगळ लावलेला स्वेटर?

जुनीसुई
दिसू दे. लपवायला गेलं तर ठिगळ, उघड दाखवलं तर नक्षी. पट्टी दुसऱ्या रंगात कर. आणि ही नुसती हौस नाही, लोकरीचाही प्रश्न आहे. घरात स्वयंपाकाचा वजनकाटा असेल तर विणलेला भाग त्यावर ठेवून बघ.

तोवर माझा अंदाज. 41 गुणिले 60 चे दोन तुकडे 300 ग्रॅममध्ये झाले. त्या मानाने पूर्ण लांब बाह्या पावणेदोनशे ग्रॅम खातील, पट्ट्या 40, गळा 15. बेरीज 230. तुझ्याकडे उरलेत 200. पट्ट्या दुसऱ्या रंगाच्या केल्यास तर 190 त भागतं. तो डोळे दिपवणारा गुंडा काढ की बाहेर! जाडी तेवढी जुळते का बघ.

धागाकर्ती
वजन केलं. 296 ग्रॅम. जुनीसुई, तुम्ही काटा आहात.

गुंडा बाहेर काढला. केशरी आहे. अंगावर करडा आणि बगलेखाली केशरी... भाचा म्हणतोय पेंग्विनसारखं काहीतरी दिसेल. पण हात वर केल्याशिवाय दिसणार नाही, हे मला आवडलंय. जाडी जुळते.

आता बाह्या. लांब बाह्या माझ्या हिशेबाने बारा-तेरा तासांच्या. पट्ट्यांचे तीन धरले की वाढदिवस नवीन वर्षात जाईल. बिनबाह्यांची बंडी घालू का?

गुंडाळी
बाह्या मनगटाकडून वर विणू नका. खांद्याकडून खाली विणा. मुंढ्याच्या कडेवरून टाके उचलायचे आणि खाली उतरत जायचं. म्हणजे ज्या दिवशी वेळ संपेल तिथे रिब करून टाके बंद. नंतर जानेवारीत रिब उसवून पुढे चालू. तुमच्यासारख्या घाईतल्या माणसासाठी याहून सोयीचं काही नाही.

उचलताना कडेच्या दर 4 ओळींमागे 3 टाके घ्या, तुमच्या विणीत ओळ टाक्यापेक्षा बुटकी आहे. पुढच्या 20 आणि मागच्या 20 सेंटिमीटरला मिळून 88 टाके. खाली पट्टीच्या डोक्याचे 20, ते बंद न करता पिनेवर ठेवलेले असू देत. एकूण 108. एवढी रुंद बाही कुणालाच नको, म्हणून त्या केशरी 20 टाक्यांच्या दोन्ही कडांना एक-एक टाका एकाआड ओळीत कमी करत चला. 20 ओळींत, म्हणजे सात सेंटिमीटरच्या आत, कळी मिटून टोकदार होईल. जुन्या काळच्या ब्रिटिश मच्छीमारांच्या स्वेटरना बगलेत अशीच कळी असायची, हात वर नेताना अंग ओढू नये म्हणून.

जुनीसुई
अगदी. आणि त्या 88 टाक्यांचे कोपरापर्यंत 70 होऊ देत. अजून एक. खांदा आता 50 वर न येता 41 वर येतोय, म्हणजे तुझ्या खऱ्या खांद्याच्या जवळ. चुकून का होईना, छान बसणार आहे! फक्त पुस्तकात दिलेल्या लांबीपेक्षा बाही चार-पाच सेंटिमीटर जास्त लागेल हे जानेवारीत लक्षात ठेव.

गोल सुई, दोन टोकांमध्ये लवचिक केबल असलेली, आहे ना? 80 सेंटिमीटरची असली तरी चालेल, मधून केबलचा फास बाहेर काढून विणायचं. गोलात उलट ओळ येत नाही, त्यामुळे काहींची वीण थोडी घट्ट होते. पहिल्या पाच सेंटिमीटरनंतर एकदा मोजून घे. या वेळी तरी मोज.

धागाकर्ती
मोजते, मोजते. कोपरापर्यंतच्या दोन बाह्यांचे साडेसात तास, पट्ट्या तीन, शिवण आणि गळा अडीच. तेरा. अर्धा तास हातात उरतो! म्हणजे एकही टाका गळता कामा नये.

शब्दवेल
विणकाम मला येत नाही, पण जोडप्रश्नाला कुणी हातच लावला नाही म्हणून लिहिते. माझाही वाढदिवस सुट्टीतला. मी भेटवस्तू मागणं सोडलं, दुपार मागते. 27 ला दोन तास तुम्हाला कुणी हाक मारायची नाही, दार वाजलं तरी उघडायचं नाही, असं सांगून बघा. देणाऱ्याला फुकट वाटतं म्हणून आधी हसतात, मग देतात.

जुनीसुई
दुपार माग, आणि वर सुयांचं माप बघायची भोकांची पट्टी माग. दुसरी जास्त गरजेची आहे.

धागाकर्ती (23 डिसेंबर)
खबरबात. पट्ट्या झाल्या, जोडल्या. घेर 99 सेंटिमीटर. अंगात गेला! उजवी बाही कळीच्या पुढे आली आहे, कळी खरंच टोकदार मिटली, मी दिवसातून चार वेळा हात वर करून आरशात बघते. मनगट मात्र काल रात्री ठणकत होतं, म्हणून आता दर वीस मिनिटांनी सुया खाली ठेवते. त्यात अर्ध्या तासाची शिल्लक गेली.

27 ची दुपार मागितली. "एवढंच?" असं विचारून दिली.

उलटसुलट
पेंग्विनचा फोटो टाका.

धागाकर्ती (27 डिसेंबर, रात्र)
दोन्ही बाह्या कोपरापर्यंत, गळा झाला, डाव्या बाहीची रिबही बंद केली. आत्ता उजवीची रिब सुरू करणार, तर लक्षात आलं की डावी 4 ओळींनी मोठी आहे. दुपारी एकटी होते, शांतता होती, पुस्तकात ऐन उत्कंठेची जागा आली आणि मोजणं राहिलं. 4 ओळी धुतल्यावर एकसारख्या होतील का? की डावीची रिब उसवू?

गुंडाळी
4 ओळी म्हणजे सव्वा सेंटिमीटर, धुऊन जाणार नाहीत. पण डावीला हात लावू नका. उजवीलाच रिबच्या आधी 4 ओळी वाढवा. 70 चोक 280 टाके, तुमच्या वेगाने अकरा मिनिटं.

धागाकर्ती
बसले.