वाण्याच्या दारावरून दुसऱ्या दुकानाची पिशवी नेताना

अळूवडी
काल संध्याकाळी डीमार्टमधून दोन पिशव्या भरून आणल्या. गल्ली ड्रेनेजसाठी खणून ठेवलीय, म्हणून रिक्षावाल्याने कोपऱ्यावरच उतरवलं. आणि कोपऱ्यावर आमचे वाणीकाका. दुकानात गिऱ्हाईक नाही, काका बाहेर स्टुलावर बसून रस्त्याकडेच बघतायत. मी पन्नाशीची बाई, स्वतःच्या पैशाने घेतलेलं सामान, तरी चक्क मागे फिरले आणि मारुतीच्या देवळाला वळसा घालून घरी गेले. एवढं ओझं घेऊन!

घरी बोटांवरचे वळ चोळत बसले आणि आई आठवली. नाशिकला पंचवटीत राहायचो तेव्हा आईची तीन दुकानं होती. डाळी, तांदूळ, तेलाचा डबा हे महिन्याचं सामान गावात रविवार कारंज्याजवळच्या भुसार दुकानातून, रोखीने. मिरच्या, धणे, खोबरं बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बाजारातून. आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडे खातं. साखर संपली, पाहुणे आले, काड्यापेटी हवी, की मला पिटाळायची, "लिहून ठेवा म्हणावं." गावातून सामान आणायची तिची वेळ ठरलेली, दुपारी दोन. तेव्हा वाणी फळ्या लावून जेवायला गेलेला असायचा. मी एकदा विचारलं, अशी चोरासारखी का येतेस? तर म्हणाली, "त्याला वाईट वाटायला नको, आणि आपलं खातंही बंद व्हायला नको."

तर लिहा. तुमचं दुकान कोणतं, का तेच, आणि पिशवी कोण कोण लपवतं?

सिडकोवाली
आमचे काकाच मला डीमार्टमध्ये भेटले 😄 ट्रॉलीला ट्रॉली समोरासमोर. त्यांच्यात साबणाची नि बिस्किटांची खोकीच्या खोकी. मी ओशाळले, ते नाही. म्हणाले, "ऑफर असली की होलसेलवाल्यापेक्षा इथं स्वस्त पडतं मॅडम." तेव्हापासून मी पिशवी उघडी नेते.

टवाळ
म्हणजे तुम्ही त्यांच्याकडून डीमार्टचंच घेत होतात, छापील किमतीला.

सिडकोवाली
हो रे बाबा. पण डीमार्ट रात्री साडेदहाला हिंगाची डबी वरून दोरीला बांधलेल्या टोपलीत टाकून देत नाही. पवननगरला आमची ती सोय आहे.

प्रेसवाल्याची पोर
नाशिकरोड, नेहरूनगर. बाबा करन्सी नोट प्रेसमध्ये. खातं अर्थात होतंच, सगळ्या प्रेसवाल्यांचं असायचं. पगाराला वाणी फाटकाशीच उभा असतो अशी चेष्टा चालायची. महिनाअखेरीला बाबा यादी घेऊन गेले की शेठजी आख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणायचे, "भाऊसाहेब, नोटा तुम्ही छापता आणि मला पुढच्या महिन्याचं सांगता?" बाबा म्हणायचे, "छापतो, पण बाहेर पडताना झडती देऊन पडतो."

नोव्हेंबर २०१६ मध्ये तर कमाल झाली. बाबा रविवारसुद्धा न घेता कामावर, आणि घरात खर्चायला नोट नाही. आई बँकेच्या रांगेत उभी राहून दोन हजाराची एक घेऊन आली, ती कोणी मोडून देईना. शेठजींनी वही उघडली नि म्हणाले, "वहिनी, साहेबांना सांगा जरा बारीक छापा." तीन आठवड्यांचा किराणा त्या वहीवर झाला. आता शेठजींचा मुलगा बसतो. खातं नाही, स्कॅनर आहे. तो "रुपये प्राप्त हुए" म्हणून ओरडतो.

कांदेपोहे
"जरा बारीक छापा" 😂😂 नवऱ्याला वाचून दाखवलं

हिशेबी
भावनांचं चालू द्या, मी आकड्यांचं बोलतो. तेल घेताना किलो आणि लिटर पाहा. लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. घाण्यावरचा माणूस किलोचा भाव सांगतो, पाऊचवर लिटरचा असतो, आणि आपण "घाणा महाग" म्हणून मोकळे. दुसरं, २०२२ च्या जुलैत २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद डाळ-तांदळाला ५ टक्के जीएसटी लागला, पोत्यातून सुटं तोलून घेतलं तर नाही. म्हणून आमच्या इंदिरानगरच्या दुकानात सुटी तूरडाळ मॉलच्या पाकिटापेक्षा बऱ्याचदा स्वस्त असते. पाकीट घ्यायचंच तर त्यावर ग्रॅममागे किती पैसे पडतात तेही छापलेलं असतं, अगदी बारीक. चष्मा न्या. मोठा पुडा स्वस्तच असतो असं नाही, मी तीनदा पकडलंय.

टवाळ
काकांना लग्नाला बोलावू नका, अहेराचा ग्रॅममागे भाव काढतील.

हिशेबी
काढतो. तू मागच्या वेळी काय दिलंस तेही लक्षात आहे.

भो_जळगावचा
अंबडला कंपनीत लागलो तेव्हा खोलीवर आम्ही चार जण. आमचं दुकान म्हणजे चाळीखालची एक खिडकी. तिथं दहा रुपयांचं तेल मिळायचं भो, बारक्या पिशवीत गाठ मारून. पाच रुपयांची चहापत्ती, दोन अंडी, एक कांदासुद्धा. किलोच्या हिशेबानं ते महागच पडतं, कळत होतं आम्हाला. पण किलोचे पैसे एकदम हातात असले तर ना. उधारी नाही, खिडकीवर पाटीच होती. तरी बाई नाइट शिफ्टवाल्यांना सकाळी सातला पाव राखून ठेवायची. मॉलबिल पुढं बायको आल्यावर पाहिला मी.

नागलीची भाकरी
मला एक सांगा, भगर कुठून घेता? मागच्या एकादशीला पाकीट घेतलं, खडे निघाले.

पुणेकर_सून
भगर म्हणजे वरीचे तांदूळ ना? लग्न होऊन इथे आले आणि पहिल्याच उपासाला दुकानात "वरी द्या" म्हटलं. दुकानदार वरच्या फळीकडे बघायला लागला 🙈

नागलीची भाकरी
हो तेच गं. इथे भगरच. आणि नाचणी म्हणू नकोस, नागली म्हण, नाहीतर पुन्हा वर बघेल.

आडगाव नाका
भगरीच्या गिरण्या तर आपल्याच जिल्ह्यात ढीगभर, पेठ-सुरगाण्याची वरई इथेच येऊन सडते.

पुणेकर_सून
सडते??

आडगाव नाका
अहो सडते म्हणजे कांडून टरफल काढतात 😄 खराब नाही होत. पण खरंच सांगतो, सुटी भगर आणि विशेषतः दळून ठेवलेलं पीठ घेऊ नका. ओल लागली की बुरशी धरते. उपासाच्या दिवसांत विषबाधेच्या बातम्या येतात त्या बऱ्याचदा याच्याच. बंद पाकीट, तारीख बघून, आणि पीठ घरी काढा. बाकी सगळं सुटं घ्या, भगर नको.

नागलीची भाकरी
अरे पण खड्यांचं काय?

दहीपूल
आजोबांचं दुकान होतं, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. गोदावरीला पूर आला की गावातल्या जुन्या बाजाराला दोन्हीकडून पाणी, नदीचं वर चढतं आणि सरस्वती नाल्याचं पुढे सरकत नाही. २००८ च्या सप्टेंबरात आम्ही माळ्यावर चढवता येईल तेवढं चढवलं. खालची साखर आणि मीठ गेलंच, त्याचं काही दुःख नाही, ते विरघळून निघून जातं. डाळी त्रास देतात. चणाडाळ फुगून पोती उसवली, तिसऱ्या दिवशी वास सुटला तो दिवाळीपर्यंत भिंतीत होता.

उधारीच्या वह्या भिजल्या. आजोबांनी दोरीवर वाळत घातल्या, पण शाई पसरून सगळी पानं जांभळी. मग लोक आपणहून येऊन सांगू लागले, माझे इतके, माझे तितके. आजोबा मान डोलवून नव्या वहीत लिहून घ्यायचे. रात्री मला म्हणाले, नऊ जणांनी कमी सांगितले, दोघांनी जास्त. म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? तर सगळं तोंडपाठ. बोलले मात्र कोणालाच नाहीत. नवल त्यांना त्या दोघांचं वाटत होतं, कारण दोघांशीही त्यांचं मापावरून कडाक्याचं भांडण होतं, वर्षभर बोलणं नव्हतं.

कांदेपोहे
बापरे. नऊ जणांपैकी कोणी इथे असेल तर हात वर करा.

टवाळ
माझे वडील असणार. आम्ही आजही कमीच सांगतो.

बी_७०४
पाथर्डी फाट्याला राहतो. खाली बिल्डिंगमध्येच मिनी मार्ट आहे. त्याला माझं नाव माहीत नाही, मला त्याचं नाही. फोन केला की "बोला सातशे चार." बायकोचा फोन गेला तरी सातशे चार, आणि परवा मुलगी एकटी लिफ्टमधून खाली गेली तर "छोटी सातशे चार आली." चांगला आहे माणूस. पण दहा मिनिटांत आणून देणारी ॲपं आली तशी त्याच्याकडची कोथिंबीर शिळी दिसायला लागलीय. विकलीच जात नाही, म्हणून शिळी, आणि शिळी म्हणून आम्ही घेत नाही. यावर उपाय दिसत नाही.

मी_आपली_अशीच
आधी राहायचो तिथल्या एका दुकानात थंड दुधाच्या पिशवीवर छापील किमतीपेक्षा दोन रुपये जास्त घ्यायचे, "फ्रिजचं लाइटबिल कोण भरणार" म्हणून. मी रोज वाद घालायचे, दोन रुपये द्यायचेही. घर बदललं तेव्हा वाटलं सुटले. इथला घेत नाही, पण चिल्लर नाही म्हणून गोळ्या देतो. डबाभर गोळ्या साठल्यात. एकदा त्याच गोळ्या मोजून त्यालाच दिल्या, तर घेतल्या नाहीत!

हिशेबी
छापील किमतीपेक्षा जास्त घेणं बेकायदाच. वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते.

मी_आपली_अशीच
आणि दुसऱ्या दिवशी दूध कुठून आणू, वैधमापन विभागातून?

ठाण्यात_अडकलेली
मी मूळची देवळाली कॅम्पची, आता ठाण्यात. इथे ग्राहक पंचायतीचा संघ आहे आमचा. यादी आधी भरायची, सामान एकगठ्ठा येतं, मग सगळ्या बायका मिळून वाटप करायचं. भाव चांगला, माल चांगला. पण अचानक रवा संपला तर पंचायत येत नाही. तांदूळ मात्र अजून घोटीहूनच नेते, येता-जाता. इंद्रायणी. नवा असला की गिच्च भात होतो म्हणून सासरी बोलणी खाल्लीत, तेव्हापासून जुना मागते. कोणाला गिच्चच आवडत असेल तर नवा घ्या. आणखी काहीतरी लिहायचं होतं, कुकर झाला

शेठचा मुलगा
वाचत होतो, राहवलं नाही. आमचं पंचवटीतच तिसऱ्या पिढीचं दुकान. कोणतं ते सांगत नाही.

तुम्हाला काय वाटतं, आम्हाला कळत नाही? पिशवी बघायची गरजच नसते. ज्या घरातून दोन महिने फक्त मीठ, काड्यापेटी आणि उदबत्ती जाते, त्या घरात डाळ दुसरीकडून येते. एखाद्या घराची साखर अचानक वाढली की मुलीला बघायला येऊन राहिले. चहापत्ती एकदम तिप्पट आणि साखर तेवढीच, म्हणजे दुःखाचं काही, भेटायला येणारे बिनसाखरेचा घेत बसलेत. वडील दुकानात बसून आख्ख्या गल्लीचं सांगायचे. वाईट वगैरे वाटत नाही, धंदा आहे. फक्त एक, सगळं बाहेरून भरून आणता आणि फाटकी पाचशेची नोट आमच्याकडे खपवायला येता, तेव्हा वाटतं.

आणि अळूवडीताई, दुपारी दोनला फळ्या लावतात, पण वाणी जेवतो आतच. फळ्यांना फटी असतात.

टवाळ
😳

अळूवडी
अरे देवा. आत्ता आईला फोन केला. चौऱ्याऐंशीची आहे, ऐकू कमी येतं, तीनदा ओरडून सांगितलं की वाणी फटीतून बघायचा. म्हणाली, "ठाऊक होतं की. म्हणून तर पिशवीवर मेथीची जुडी ठेवायचे." मग मलाच झापलं, वळसा घालून कशाला गेलीस, गुडघे दुखतात ना तुझे.

कांदेपोहे
आई 🙏🙏

नागलीची भाकरी
मेथी काय भाव आहे कोणाकडे? आमच्याकडे आज तीस सांगितली.

बी_७०४
पंचवीस. पण शिळी.

नागलीची भाकरी
आणि भगरीचं कोणी सांगितलंच नाही शेवटी. परवा एकादशी आहे.