मदत हवी आहे: सांतिनेज खाडीकाठची झाडं शिगम्यापर्यंत मरतात

खाडीकाठची
सोसायटीच्या मागून पणजीतली सांतिनेज खाडी जाते. गेल्या जूनमध्ये काठावर ४० रोपं लावली. जांभूळ, कदंब, सीता अशोक. पावसात तरारली, चतुर्थीला काही कंबरेएवढी होती. शिगम्यापर्यंत ३१ मेली. पाणी रोज घातलं, शेणखत घातलं, आळीसुद्धा केली. या जूनला पुन्हा लावायची आहेत, वर्गणी जमली आहे. कोणती लावू? कृपया नुसती नावं द्या, रोपं लगेच सांगायची आहेत.

वाळा_लावा
वाळा! मुळं तीन मीटर खाली जातात, काठ धरून ठेवतात. माझ्या बागेच्या उतारावर चार वर्षांत माती हललेली नाही. झाडांच्या मागे लागूच नका.

खाजनातला
ताई, नावं सांगतो, पण आधी हे सांगा. भरतीचं पाणी तुमच्यापर्यंत येतं का? काठ मातीचा की चिऱ्यांचा? रोपं पाण्यापासून किती अंतरावर?

खाडीकाठची
चिऱ्यांची भिंत आहे, तिच्या आत दोन मीटरवर रोपं. पाणी वरखाली होतं, पण ते गटाराचं पाणी आहे, समुद्राचं नाही. समुद्र केवढा लांब! मला झाडांची नावं हवी आहेत.

माडवाला
माड लावा. दहा वर्षांत नारळ मिळतील, सोसायटीचा खर्च निघेल.

वाळा_लावा
रस्त्यालगत माड? कोणाच्या डोक्यात नारळ पडला तर?

माडवाला
पाडेली बोलवायचा वेळेवर. आमच्या आजोबांपासून काठावर माडच आहेत.

ताळगावचा
लहानपणी याच खाडीत शेवटे गरवायचो. पाणी एवढं स्वच्छ होतं. आता जवळून जाताना नाक धरावं लागतं, जीव तुटतो. पण एक विचारतो, कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, झाडी वाढली तर इकडेही येतील का?

खाजनातला
मगरींसाठी वेगळा धागा काढा ना दादा. ताई, शेवटे म्हणजे मचूळ पाण्यातला मासा, एवढ्यावरून समजा. ही खाडी कांपालकडे मांडवीला मिळते. पावसात डोंगरावरचं गोडं पाणी सगळं धुऊन नेतं, म्हणून रोपं तरारली. पाऊस थांबला की भरतीबरोबर खारं पाणी आत चढत जातं आणि एप्रिल-मेमध्ये सगळ्यात जास्त खारं होतं. मेलेल्या रोपांची पानं कडेकडेने करपली होती का? आणि रोज घातलेलं पाणी कुठलं?

खाडीकाठची
हो, कडा तपकिरी झाल्या होत्या. आम्हाला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून दोनदा घालू लागलो. पाणी खाडीचंच. बादलीला दोर बांधून काढायचो. नळाचं पाणी झाडांना घालायला समिती देत नाही.

खाजनातला
मग उत्तर तुम्हीच दिलंत. फिल्टरवाल्याकडे पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर असतो, तो मागा. भरतीला एकदा, ओहोटीला एकदा मोजा.

वाळा_लावा
वाळा थोडं मीठ सहन करतो, बरं का.

खाजनातला
थोडं करतो, भरभरून नाही. शिवाय त्याने सावली होत नाही आणि पाखरंही बसत नाहीत. आमच्या खाजनात, म्हणजे बांध घालून भरतीचं पाणी अडवलेल्या शेतात, बांधाच्या बाहेर तिवर असते. हे खाऱ्या चिखलातलं झाड, ते लाटांचा मार खातं. बांधातच उगवली तर मात्र काढतो, मुळांनी बांधाला भोकं पडतात. तुमच्या चिऱ्यांच्या भिंतीलाही तेच लागू.

खाडीकाठची
आज मोजलं. नळाचं ९०. खाडीचं ओहोटीला ६,१००, भरतीला मीटर ९,९९० वर अडकला, पुढे जाईना. एवढे महिने आम्हीच मीठ घालत होतो. पोरांनी रोपांना नावं दिली होती, त्यांना काय सांगू?

खाजनातला
खरं तेच सांगा. आणि पोरांनाच कामाला लावा. भिंतीच्या आत करंज, उंडी, पारोसा पिंपळ लावा. मध्ये निर्गुडी. हे किनाऱ्यावरचे गडी, खारा वारा आणि मचूळ जमीन सोसतात. तरी पहिली दोन वर्षं पाणी गोडंच घाला, गच्चीवरच्या पावसाची टाकी करता आली तर उत्तम. मातीतलं मीठ पहिल्या पावसात धुऊन जाऊ द्या, लागवड जुलैत करा.

परवानगी_घेतली_का
भरतीची खाडी म्हणजे सीआरझेड, किनारा नियमन क्षेत्र. काठ सोसायटीचा की सरकारचा?

खाडीकाठची
भिंतीच्या आतला सोसायटीचा. बाहेर चिखलाची पट्टी आहे, तिथे काटेरी पानांचं, जांभळ्या फुलांचं झुडूप आपोआप आलंय. काढू का?

खाजनातला
अजिबात नको! ती मारांडी, कांदळवनातलीच. तिला हात लावू नका. त्याच चिखलात कांदळ होईल. पावसाळ्यात त्याच्या लांब शेंगा गळतात, तिसरा हिस्सा चिखलात खोचायचा, बस. पण ती जागा तुमची नाही, आधी वन खात्याला विचारा. जी नऊ रोपं जगली ती कुठली?

खाडीकाठची
बघून आले. नऊही गच्चीच्या पन्हळीखाली आहेत.