मदत हवी आहे : मॉसला बीजाणुधानी येत नाहीत!

मॉसकरी :
तिसरी खेप फुकट गेली. फिस्कोमिट्रियम (प्रयोगशाळेत वाढवतात ते मॉस), सगळं प्रोटोकॉलप्रमाणे. प्लेटा हिरव्यागार, पण बीजाणुधानीचा, म्हणजे स्पोरच्या बोंडाचा, पत्ता नाही. पुढच्या महिन्यात गाईडना स्पोर दाखवायचेत. लवकर सांगा.

खवट खोबरं :
प्रोटोकॉल कुणाचा? तापमान किती? उजेड किती तास?

मॉसकरी :
25 डिग्री, 16 तास. नेहमीचंच.

खवट खोबरं :
तिथंच घोडं पेंड खातंय. एवढ्या उबेत ते नुसतं वाढत बसतं. 15-17 अंश आणि 8 तास उजेड द्या, मग त्याला लग्नाचं सुचतं. तीनेक आठवड्यांनी प्लेटमध्ये निर्जंतुक पाणी ओता. शुक्रपेशी पोहत जातात. शाळेत 'वनस्पतिसृष्टीचे उभयचर' पाठ केलं होतं ना?

गच्चीवाले काका :
आमच्याकडे दर पावसाळ्यात न मागता उगवतं. मोरचूद मारा, साफ होईल.

मॉसकरी :
काका, मला ते वाढवायचंय!!

सरसों_का_साग :
मॉसच्या नादी लागताच कशाला? अरॅबिडॉप्सिस घ्या, मोहरीच्या कुळातलं प्रयोगाचं रोप, दीड-दोन महिन्यांत बी हातात.

खवट खोबरं :
आलेच मोहरीवाले. मॉसचा हिरवा भाग हॅप्लॉइड, म्हणजे प्रत्येक जनुकाची एकच प्रत, जनुक मोडलं की परिणाम लगेच दिसतो. शिवाय बाहेरून घातलेला डीएनए नेमका हव्या त्या जागी बसतो.

सरसों_का_साग :
क्रिस्पर (जनुक हवं तिथं कापायचं तंत्र) आल्यावर त्याचं काय कौतुक?

रानहळद :
भांडण नंतर. स्ट्रेन (वंश) कोणता?

मॉसकरी :
ग्रान्सडेन. सीनियरकडून आला. दर आठवड्याला ब्लेंडरमधून काढून नव्या सेलोफेनवर पसरतो, कित्येक वर्षं असंच चालूय.

रानहळद :
मग नुसत्या थंडीनं भागणार नाही. 1962 साली इंग्लंडमधल्या ग्रान्सडेन वुडमधून आणलेला हा वंश. वर्षानुवर्षं वाटून-पसरून वाढवल्यामुळे बऱ्याच लॅबमधल्या ग्रान्सडेनच्या शुक्रपेशींच्या शेपट्या धड हलत नाहीत. मादी अवयव मात्र ठीक असतात. रॉयटे स्ट्रेन मिळवा, 2006 साली फ्रायबुर्गजवळ गोळा केलेला. त्याला भरपूर बीजाणुधानी येतात. ग्रान्सडेनशी संकरही जमतो.

मॉसकरी :
हे आधी कुणी का नाही सांगितलं?

खवट खोबरं :
स्ट्रेन आधी तुम्ही सांगितला होतात का?

मॉसकरी :
बरं, चुकलं. पण आमचा इन्क्युबेटर 20च्या खाली उतरतच नाही. काही जुगाड?

गच्चीवाले काका :
आत्ता वर जाऊन बघितलं. आमच्याला बारीक दांड्या आल्यात, टोकाला तपकिरी बोंडं. हेच हवंय का? पिशवीत भरून ठेवू?

रानहळद :
काका, मोरचूद थांबवा. आधी फोटो टाका.