सेमी इंग्लिशमधून सहावीला सीबीएसई : कोणता विषय आधी धरायचा?

लेक ठाण्यात पाचवीला आहे. मराठी शाळा, सेमी इंग्लिश. घणसोलीच्या घराचा ताबा मिळतोय, त्यामुळे नव्या वर्षापासून तिकडेच. जवळपासच्या चांगल्या वाटलेल्या शाळा सीबीएसईच्या निघाल्या, आणि ट्रान्स हार्बरच्या सकाळच्या गर्दीत एवढ्या पोरीला एकटीला बसवायची माझी तयारी नाही. तेव्हा बोर्ड बदलायचं नक्की आहे. 'बदलू नका' हे सांगायला घरी सासूबाई आहेत, इथे विषयांबद्दल सांगा.

गणिताचं मला टेन्शन नाही. पहिलीपासून इंग्रजीतून आहे, अपूर्णांक, दशांश, परिमिती-क्षेत्रफळ पाचवीत येतंच. एनसीईआरटीचं २०२४ मध्ये आलेलं सहावीचं पुस्तक चाळलं, ऋण संख्या सोडल्या तर फार काही अनोळखी वाटलं नाही.

गाडी अडते ती परिसर अभ्यासापाशी. भाग १ आणि भाग २ दोन्ही तिने मराठीतून केलेत, आणि सहावीत एकदम विज्ञान आणि सामाजिक शास्त्र इंग्रजीतून. परवा विज्ञानातला वनस्पतींचा धडा तिच्यापुढे ठेवला. तोंडी सगळं आलं. सोटमूळ कुठलं, तंतुमूळ कुठलं, खाली जाऊन कुंडीतलं गवत उपटूनही आणलं. मग म्हटलं, हेच इंग्रजीत लिही. बराच वेळ पेन चावून लिहिलं, 'ग्रास रूट इज मेनी.' येतंय सगळं, पण कागदावर उतरत नाही. यासाठी काय करून घ्यायचं? शब्द पाठ करून घेणं मला तरी पटत नाही.

दुसरं हिंदी. तिचं यंदाच सुरू झालंय, तिकडची मुलं बहुधा पहिलीपासून शिकलेली. ही अजून 'मेरा पुस्तक' लिहिते.

तिसरं वेळापत्रक. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि आमची वार्षिक परीक्षाच एप्रिलमध्ये. त्यात आता पाचवीला पास व्हावंच लागतं, म्हणजे निकालाआधी दाखला मिळणार कसा?

कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

ऐरोलीची_आई : आमचा चिरंजीव अगदी याच वाटेने गेला. सामाजिक शास्त्राला घाबरू नका. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र एकाच पुस्तकात आहे, आणि पाचवीच्या परिसर भाग २ मध्ये अश्मयुगापासून जे झालेलं असतं, ते सहावीला बरंच कामी येतं. हडप्पा दोन्हीकडे आहेच. (चौथीत वर्षभर शिकलेले शिवराय मात्र तिकडे थेट आठवीच्या नव्या पुस्तकात नीट भेटतात, आमच्याकडे त्यावरून बराच रुसवा झाला.) लिखाणासाठी एक केलं. रोज एक आकृती काढायची आणि तिच्याखाली स्वतःची तीन वाक्यं इंग्रजीत. व्याकरण सुधारायला बसायचं नाही, फक्त कर्ता-क्रियापद बघायचं. दिवाळीपर्यंत हात सुटला.

हिंदीसाठी प्रवेशाच्या वेळीच विचारा, मराठी दुसरी भाषा आणि हिंदी तिसरी असं घेता येतं का. काही शाळा देतात. तिसरी असेल तर अपेक्षा कमी असते. मराठी तर २०२० च्या कायद्याने सगळ्या बोर्डांना सक्तीची आहे, तिथे तुमची लेक वर्गात पुढे असेल.

शिक्षक_ठाणे : दाखल्याचं सांगतो. नवी शाळा बहुतेक वेळा बोनाफाईड आणि पहिल्या सत्राचं प्रगतिपत्रक घेऊन जागा धरून ठेवते, दाखला निकालानंतर दिला तरी चालतो. पण हे तोंडी घेऊ नका, ईमेलवर लेखी घ्या. दाखल्यावर मुलीचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणेच आहे ना ते बघा, आणि यूडायसचा पेन क्रमांक (सरकारी नोंदीतला विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक) मागून ठेवा. त्यावरून फार अडवतात. एप्रिलचा बुडालेला अभ्यास विज्ञानात सर्वात जास्त जाणवेल, तिथे दोन-तीन धडे होऊन गेलेले असतात. तेवढे मे महिन्यात घरी करून घ्या.

मूळ प्रश्नकर्ती : दोघांचेही आभार. भाषेच्या क्रमाचं विचारायचं मला सुचलंच नव्हतं. सोमवारी दोन शाळांमध्ये जातेय, तेव्हा हेच आधी विचारते. ताई, आकृतीखालची वाक्यं तुम्ही कुठल्या धड्यापासून सुरू केली होती?